घरातल्या घरात फाईल का रखडते?

संपादक साहेब, नमस्कार.
भाचीच्या लग्नाचे ४० जीबी व्हिडिओ लॅपटॉपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकायला घेतले तर स्पीड सेकंदाला ३ एमबी, म्हणजे जवळपास पावणेचार तास! घरातल्या घरात फाईल पाठवायला इंटरनेट लागतच नाही, सगळं काम राउटरचं, आणि आमचा टीव्हीच्या कपाटात कोंबलेला, त्यात सिडकोत घरं एकमेकांना चिकटून, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर (बँडवर) सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी. दोन्ही मशीन वायफायवर असली की तोच डेटा हवेतून दोनदा जातो, आधी राउटरकडे आणि तिथून दुसऱ्या मशीनकडे, स्पीड निम्माच. मग कॉम्प्युटर लॅन केबलने (नेटवर्कच्या वायरने) राउटरला जोडला, लॅपटॉप वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घेतला, काम तासाच्या आत झालं. बिल्डर लोकांनी वायरिंग करतानाच प्रत्येक खोलीत लॅनचा पॉइंट द्यावा, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, सिडको, नाशिक