लेकीच्या पायांसाठी आभार

परवा आमची लेक एक वर्षाची झाली आणि भिंतीला धरून उभी राहिली. जन्मली तेव्हा तिचे दोन्ही पाय आत वळलेले होते, शिवाय हृदयाला बारीक छिद्र होतं.

खानापूर तालुक्यातून बेळगावला दर आठवड्याला प्लास्टर बदलायला जायचो. पोन्सेटी पद्धतीत पाय हातानंच थोडा थोडा सरळ करत नेतात आणि प्रत्येक वेळी नवं प्लास्टर घालतात. सहा प्लास्टरं झाली. मग टाचेमागची घट्ट शीर छोट्या छेदानं सैल केली, वर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर.

प्लास्टर रूममधल्या मामांना मी विसरणार नाही. ती रडायला लागली की "अळबेड, अळबेड" (रडू नको, रडू नको) असं कन्नडमध्ये म्हणत ते हलक्या हातानं पट्टी गुंडाळायचे. आम्हाला कन्नड येत नव्हतं, तिला तर कुठलीच भाषा येत नव्हती, पण ती शांत व्हायची! भर पावसात प्लास्टर भिजू नये म्हणून पुढची सीट देणारे कंडक्टरदादा, कन्नड फॉर्म भरून देणाऱ्या अक्का, तुमची नावं विचारायची राहिली.

मग पाय पुन्हा वळू नयेत म्हणून ब्रेस, म्हणजे दांडीला जोडलेले बूट. तो पहिले तीन महिने रोज 23 तास घालायचा होता. फिजिओच्या ताईंनी रात्री फोन उचलून धीर दिला, नाहीतर आम्ही तो काढूनच टाकला असता. गेल्या महिन्यात एको (हृदयाची सोनोग्राफी) करणाऱ्या डॉक्टरांनी हृदयाचं छिद्र आपोआप बुजल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चार वर्षांची होईपर्यंत ब्रेस फक्त झोपेत. लहान झालेले ब्रेसचे बूट धुऊन मामांकडे ठेवलेत. कुणाच्या बाळाला लागले तर जरूर न्या.