ओट्याजवळ घसरले नव्हते

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आधी कबुली देते. दिवाळीनंतर माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा ओट्याजवळ पाण्यावरून घसरले असं मी सांगितलं होतं. आई, तू आंबेहळदीचा लेप सांगितलास. बाबा, तुम्ही विचारलंत, घरात चप्पल घालत नाहीस का? तर मी घसरले नव्हते. इथे फिनिक्स आणि टूसॉनच्या मध्ये एलॉय म्हणून गाव आहे, तिथल्या मैदानावर पॅराशूटनं उतरताना पडले होते. चूक माझीच. जमीन जवळ आल्यावर उजवीकडे कलतेय असं वाटलं आणि टेकायला मी उजवा हात पुढे केला. त्या हातात ब्रेकची मूठ असते, म्हणजे जी ओढून छत्री वळवतात आणि हळू करतात ती, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. हात खाली गेला तशी छत्री आणखी उजवीकडे वळली आणि सगळा भार मनगटावर आला.

आज हे लिहितेय कारण धाकट्यानं चहाडी केलीच आहे. रविवारी तुम्ही विचारलंत, "लहान छत्री घेतलीस म्हणे. मोठी जास्त सुरक्षित ना? मग लहान कशाला?" मी नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला.

बाबा, मोठीच जास्त सुरक्षित. त्यात वाद नाही. पण माझं वजन ५८ किलो, पाठीवरचं सामान १२ किलो. एकूण ७०, म्हणजे १५४ पौंड. त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. जुनी १९० ची होती, भागाकार ०.८१. एवढ्या हलक्या ओझ्याला वारा जरा वाढला की छत्री पुढे सरकतच नाही, मैदान समोर दिसत असतं आणि आपण जागच्या जागी. नवी १७० ची आहे, भागाकार ०.९१. आणि खरं सांगायचं तर मजाही येते. नुसता वारा वारा करत बसले तर ती आणखी एक थाप होईल.

आकडा जरासाच वाढलाय, पण छत्री वेगळी वागते. वेग जास्त, दोऱ्या आखूड, त्यामुळे हात हलवला की लगेच ऐकते, आणि वळताना उंची भराभर खाते. म्हणून नवीन छत्रीवर पहिल्यांदा गेले तेव्हा विमानातून एकटीच पाच हजार फुटांवर बाहेर पडले आणि लगेच ती उघडली. वर भरपूर हवा होती तोवर सगळं करून पाहिलं: कुठवर ब्रेक ओढले की ती उडणं सोडते, एका हातानं वळली तर किती खाली जाते. सकाळची पहिलीच फेरी धरली होती, कारण दुपारच्या उन्हात हवा विरळ होते आणि तीच छत्री आणखी वेगात खाली येते.

उतरायचा क्रम ठरलेला: हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेनं, सहाशेला आडवं, तीनशेला वाऱ्याकडे तोंड. तिथून पुढे वळायचं नाही. बाबा, खंबाटकीत तुम्ही म्हणायचात ना, वेग वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही, तसंच काहीसं. शेवटच्या क्षणी कुणी आडवं आलं आणि घाबरून एक मूठ खेचली, तर छत्री डोक्यावरून बाजूला जाते आणि माणूस झोक्यासारखा जमिनीवर आपटतो. त्यापेक्षा वारा आडवा घेऊन उतरलेलं बरं, छत्री सपाट हवी. आणि ते आपोआप उघडणारं यंत्र आहे ना, ज्याच्यावर तुमचा भारी विश्वास आहे, ते इथे कामाचं नाही. ते छत्री उघडलीच नाही तर राखीव उघडतं. या खेळात बरीच माणसं जातात ती धडधाकट, पूर्ण उघडलेल्या छत्रीखाली, असल्या खालच्या वळणांत. हे लिहू की नको, असा बराच वेळ विचार केला.

आई, नऊवारी नेसून थायलंडमध्ये उडी मारणाऱ्या शीतल महाजनांचा २०१८ सालचा फोटो तू अजून शेजारणींना दाखवतेस. फोटो उडीचाच असतो. खरं कसब शेवटच्या दहा-बारा फुटांत लागतं. मोठ्या छत्रीवर दोन्ही ब्रेक एकदम खाली ओढले तरी ती सांभाळून घ्यायची. हिच्यावर हात आधी छातीपर्यंतच आणायचे. मग ती खाली यायची थांबते आणि पाय जमिनीपासून वीतभर वर ठेवून सरळ सरकत राहते. वेग उतरेल तसे हात हळूहळू पुरते खाली. नजर लांब, पायांकडे बघितलं की उंचीचा अंदाज चुकतोच.

पहिल्या वेळी मी ब्रेक लवकर ओढले. पंधरा-वीस फुटांवर होते. अशा वेळी हात वर सोडायचा मोह होतो, आणि तेच करायचं नसतं, सोडले की छत्री पुढे झेपावून नाकावर आणते. हात होते तिथे थिजवून ठेवले, जमीन आली तेव्हा उरलेले ओढले, पाय आणि गुडघे जुळवून कडेवर लोळले. पॅन्ट फाटली. मनगट मात्र दोन्ही मुठी पोटाशी धरल्यामुळे वाचलं. दुसऱ्या उडीत चार पावलं पळाले आणि उभी राहिले.

आता ८० उड्या होईपर्यंत हिच्यापेक्षा लहान नाही, असं माझ्या कोचनं सांगितलंय आणि मलाही घाई नाही. सध्या ५६ झाल्यात.

मनगट बरं आहे, फक्त थंडीत पहाटे ठणकतं. काकू जूनमध्ये येतायत ना, त्यांच्याबरोबर आंबेहळद पाठव. लेप खरंच लावत होते, तेवढं खोटं नव्हतं.

तुमची,
ताई