ओलीच्या जागेत निर्गुडी लावा

महोदय,

पाऊस लागला की नागपुरात कुंपणाला बोगनवेल ठरलेलीच. दिसते छान, पण मधमाश्यांच्या फारशी कामाची नाही. नाल्याकाठी, किंवा कूलरचे पाणी मुरते त्या कोपऱ्यात आपली निर्गुडी लावावी. तिच्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे येतात.

पावसाच्या सुरुवातीला पक्व फांदीचे पेन्सिलीएवढे जाड, वीतभर तुकडे घ्या. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या पेराच्या, लगेच खाली असावा. दोन तृतीयांश तुकडा मातीत जाऊ द्या. तुकडा उलटा रोवला तर फुटत नाही, म्हणून वरचा काप तिरपा ठेवावा, म्हणजे घोटाळा होत नाही. आपल्या काळ्या मातीत खरी अडचण वेगळीच: पाणी तुंबले की बुडाची साल काळी पडून सुटते. ओल हवी, डबके नको. त्यामुळे निम्मी रेती मिसळावी. कच्चे शेणखत तर नकोच. कुंपणासाठी दोन-अडीच फुटांचे अंतर पुरते. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.

फुले नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात. छाटणी फेब्रुवारीतच उरकावी. भर पावसाळ्यात कात्री चालवली की तुरे गेलेच. फुलोऱ्यावर कीटकनाशक मात्र मारू नये.

— काही बागप्रेमी वाचक, नागपूर