पाहुण्यांना प्रश्न विचारू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरआधीचा उपवासकाळ कधीच संपला, पण एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये (नाव मुद्दाम देत नाही, कोणाला दुखवायचं नाही) राखेच्या बुधवारनंतर (तिथून उपवासकाळ सुरू होतो) दरवर्षी प्रवचनं होतात आणि त्यासाठी बाहेरून अभ्यासकाला बोलावतात. कधी पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातले बायबलचे प्राध्यापक, कधी गोरेगावच्या सेमिनरीतले (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतले) फादर, एके वर्षी तर संतसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या एक हिंदू बाई. आधी मिस्सा (आमची मुख्य उपासना), मग तासभर प्रवचन, आणि मग आमच्या लोकांचा खरा आवडीचा भाग : प्रश्न. ज्यांना उभं राहून बोलायचा संकोच त्यांच्यासाठी मागच्या दाराशी लाकडी पेटी असायची. चिठ्ठी टाकायची, नाव लिहायची गरज नाही.

पाहुणे चर्चच्या बंगल्यावर उतरत, पण जेवण मात्र घरोघरी, पाळीपाळीने. जाताना त्यांच्या पिशवीत सुकेळीची, म्हणजे आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांची, पुडी ठरलेली. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी पहिल्यांदा ती पुडी उघडून, हे काळं-पिवळं काय आहे म्हणून आमच्याकडे असं काही पाहिलं होतं, की आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

याच प्राध्यापक फादरांची एक आठवण सांगतो. ते बायबलमधल्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर (येशूच्या बोधकथेवर) बोलले. मालक पहाटे आलेल्याला जी मजुरी देतो, तीच दिवस मावळताना आलेल्यालाही. प्रवचन संपलं आणि बायकांच्या बाजूने एक जण उठल्या. त्यांची केळीची वाडी, रोज चार-पाच गडी कामाला. आमच्या बोलीत त्यांनी विचारलं, ‘‘फादर, मी असं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला कोण येईल?’’ सगळं चर्च हसलं. फादर हसले नाहीत. म्हणाले, दीनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी, घरातल्यांच्या पोटापुरती. शेवटच्या तासाला आलेल्याच्या घरीही तोंडं तेवढीच. बाई म्हणाल्या, ‘‘ते कळलं. पण सकाळी कोण येईल?’’ फादरांनी खिशातून छोटी वही काढली, प्रश्न लिहून घेतला आणि म्हणाले, ‘‘याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.’’ पुढच्या वर्षी ते परत आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘‘मागच्या वर्षीचं माझं एक देणं बाकी आहे.’’ काय उत्तर दिलं ते मला आता नीट आठवत नाही, खरं सांगतो. वही आठवते.

यंदा हा प्रश्नांचा अर्धा तास बंद केला. वेळ पुरत नाही, असं कारण देण्यात आलं. प्रश्न मोबाइलवर पाठवायचे, त्यातले दोन-तीन निवडून पाहुण्यांना दिले जातील. वाचलेल्या वेळात गाणी आणि स्क्रीनवर चित्रं. आवाजाची यंत्रणा इतकी दणदणीत, की पुढच्या बाकांवरची म्हातारी माणसं मागे येऊन बसली. गाण्यांना माझा विरोध नाही, मी स्वतः गायनमंडळात पंचवीस वर्षं काढली आहेत. पण तीन संध्याकाळी मिळून सात प्रश्न घेतले आणि सातही असे गुळगुळीत, की विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असावं.

कमिटीतल्या एकाने मला समजावलं की चर्चमध्ये पाहुण्याला उलट विचारणं बरं दिसत नाही, ही आपली रीत नव्हे. इथे मात्र मला इतिहास काढावा लागतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांचं (येशूसंघी धर्मगुरूंचं) ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्यांतला हा ग्रंथ. त्याची मांडणीच मुळी गोव्याच्या साष्टीतल्या श्रोत्यांनी पाद्री गुरूंना प्रश्न विचारायचे आणि गुरूंनी उत्तरं द्यायची अशी आहे. विलायतेतून आलेल्या पाहुण्या विद्वानाने चारशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात श्रोत्याला बोलायला जागा ठेवली, आणि आम्हाला अर्धा तास जड झाला!

संतसाहित्याच्या त्या बाई आल्या तेव्हाही कुरकुर झालीच होती, की चर्चमध्ये अभंग कशाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जागतिक धर्मसभेने, इतर धर्मांशी संवादाचा दस्तऐवज १९६५ सालीच काढला, हे तेव्हाच्या आमच्या फादरांनी शांतपणे सांगितलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण पूल तोच. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघाल्या. एका चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं : ‘‘माझा मुलगा गेला. तुकोबांची मुलंही दुष्काळात गेली का?’’ बाईंनी ती मोठ्याने वाचली नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि नंतर बराच वेळ चर्चच्या पायरीवर कोणाशी तरी बोलत बसल्या होत्या. ही चिठ्ठी मोबाइलवर आली असती तर निवडली गेली असती का?

आमच्या आजीच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये असे, लोक माळ जपत बसत. ती मराठीत आली तेव्हा लोकांना ऐकू आलेलं कळू लागलं. ज्याला कळतं तो विचारणारच. ज्या वसईने ९३ व्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटोंसारखा अध्यक्ष दिला, तिथे भाविकांना नीट विचारता येत नाही असं कोणी म्हणू नये.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या उपवासकाळात गाणी दोन कमी करा, अर्धा तास परत द्या. पाहुणे कुठल्याही विद्यापीठाचे असोत, पण मराठीत बोलणारे हवेत, आणि माईक बायकांच्या बाजूलाही फिरू द्या. चिठ्ठ्यांची पेटी सध्या चर्चच्या मागच्या खोलीत आहे, तिच्यात अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या ठेवतात. एक बिजागर निखळलं आहे. ते मी माझ्या खर्चाने बसवून देतो.

आपला,
एक जुना वाचक, वसई (पश्चिम)