दहावी सही माझी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2024 च्या विधानसभा निवडणुकीतल्या अर्ज माघारीनंतर तुमच्या अंकात सातारा जिल्ह्यातल्या अपक्षांची बातमी आली. आमच्या मतदारसंघात उभे असलेल्या एका निवृत्त सुभेदारांचा उल्लेख तुमच्या वार्ताहराने 'मतविभागणी करणारे' एवढ्या दोनच शब्दांत उरकला. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून जी दहावी सही आहे ती माझी, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्यांचं नाव आणि चिन्ह लिहीत नाही, कारण मग तो प्रचार होईल आणि तुम्हाला छापता येणार नाही. आमच्या भागात त्यांना सगळे सुभेदारच म्हणतात.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. एकाचा यादीतला भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक चुकला तरी छाननीत अर्ज अडकू शकतो. 29 ऑक्टोबर हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. नऊ सह्या झाल्या होत्या. दहावे गृहस्थ आदल्या रात्री घरी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "सुभेदार, माझं पोरगं त्यांच्या हाताखाली कामाला हाय, मला यातनं मोकळं करा." सुभेदारांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला आणि मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. मी शिवणकाम करते. दिवाळीचे अकरा ब्लाउज माझ्या मशीनवर पडून होते, काजं-बटणं राहिली होती. सकाळी सात वाजता सुभेदारांची बायको दारात आली. तिने काही मागितलंही नाही, नुसतं घडलेलं सांगितलं. मी मशीनवर फडकं टाकलं, मतदार ओळखपत्र घेतलं आणि निघाले. यादीतला माझा अनुक्रमांक सुभेदारांनी बोट ठेवून तीनदा तपासला, मग मला सही करायला सांगितली. दहा हजार रुपये अनामत त्यांनी पेन्शनमधून बाजूला काढली होती. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. हे त्यांना ठाऊक आहे.

मी सही का केली ते सांगते. माझे मालक सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि घरी आल्यावर सहा वर्षांत आजाराने गेले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात माझं नाव नुसतं लिहिलेलं, आधार कार्डावर त्याच नावापुढे 'बाई'. त्या दोन अक्षरांपायी माझी कुटुंब पेन्शन चौदा महिने अडली. एका खिडकीवर म्हणायचे आधार बदलून आणा, दुसऱ्या खिडकीवर म्हणायचे रेकॉर्ड बदलून आणा. शाळेचा दाखला जोडला, नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडलं, लग्नातला फोटोसुद्धा जोडला. कागद परत येतच राहिले. चौथ्यांदा पाकीट परत आलं तेव्हा मी एसटी स्टँडवर बसून रडले.

सुभेदार तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन आले होते. आमची फारशी ओळखही नव्हती. त्यांनी माझे सगळे कागद जमिनीवर मांडले, तारखेप्रमाणे लावले आणि एकेक प्लास्टिकच्या पाकिटात घातला. म्हणाले, "ताई, कागद परत आला की त्याच्यावर आल्याची तारीख टाकायची आणि फाइलला लावायचा. परत आलेला कागदसुद्धा आपला पुरावा असतो." माझ्याबरोबर ते पाच वेळा एसटीने गेले आणि दर वेळी स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. पेन्शन सुरू झाली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले, तर त्यांच्या ओसरीवर आणखी तीन बायका आपापल्या पिशव्या घेऊन बसलेल्या. अजूनही बसतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तर म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. प्रचाराच्या या धामधुमीतही सकाळी आठ ते दहा ते घर सोडत नाहीत.

विधानसभेला उभं राहायचं त्यांच्या मनात आलं तेही या कागदांमुळेच. ते म्हणतात, एका बाईचा कागद मी पुढे सरकवीन, पण दर वेळी नवी बाई त्याच खिडकीवर अडकते, तर मग खिडकीचा नियम जिथे होतो तिथे कुणीतरी जाऊन बोललं पाहिजे. मी त्यांना तोंडावर सांगितलं की सैन्याची पेन्शन हा केंद्राचा विषय आहे, आमदार त्यात काय करणार? ते गप्प झाले. दोन दिवसांनी घरी आले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण दाखले, सातबारा, तहसील, पोलीस भरती हे तर राज्याचं आहे ना?" चूक कबूल करून दोन दिवसांनी नीट उत्तर घेऊन येणारा उमेदवार मी तरी पाहिला नव्हता.

आता मतं खाण्याबद्दल. याच वर्षी सातारा लोकसभेला पिपाणीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 'तुतारी वाजवणारा माणूस' या पक्षाच्या चिन्हाशी मिळतंजुळतं पिपाणी हे चिन्ह असलेल्या एका अपक्षाला सदतीस हजारांवर मतं पडली आणि निकाल लागला साधारण तेहतीस हजारांच्या फरकाने. चिन्हाच्या सारखेपणाने माणसं फसली, हे मलाही पटतं. पण त्यावरून अपक्ष दिसला की तो कुणीतरी उभा केलेलाच असणार, असं धरून चालायचं का? शेजारच्या सांगलीत त्याच निवडणुकीत अपक्ष खासदार निवडून आला. 1995 साली राज्यात 45 अपक्ष आमदार झाले होते. ते कुणाची मतं खाऊन झाले? मत मतदाराचं असतं. मतपेटीत पडेपर्यंत ते कुणाच्याही ताटात वाढलेलं नसतं.

भाऊबिजेला, म्हणजे 3 नोव्हेंबरला, मी सुभेदारांना ओवाळायला गेले होते. पेन्शनचं काम झाल्या वर्षापासून जाते. निरांजन लावलं आणि दारात गाडी थांबली. चौघेजण आत आले. मी ताट हातात धरून उभीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत होती. "सुभेदार, तुमचा मान मोठा, तुम्ही देशासाठी लढलात, या चिखलात कशाला उतरता? तुम्हाला कमिटीवर घेऊ." गोड बोलत होते, उगाच आरोप कशाला करू. सुभेदार पाटावरून उठले नाहीत. "बहिणीचं ओवाळून होऊ द्या," एवढंच म्हणाले. मी ओवाळलं. मग ते चौघांना म्हणाले, "अर्ज दहा माणसांच्या सहीने भरलाय, मी एकट्याने कसा काढू?"

'या चिखलात कशाला उतरता' हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपला जिल्हा सैनिकांचा म्हणून आपण किती अभिमानाने सांगतो! अपशिंगे गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात पडले, गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली. 26 जानेवारीला माजी सैनिकाला पहिल्या खुर्चीवर बसवतो, शाल घालतो, नारळ देतो. तोच माणूस उभा राहतो म्हणाला की आपल्याला त्याच्या इभ्रतीची काळजी वाटायला लागते. शिक्षकांना आणि पदवीधरांना आपल्या विधान परिषदेत प्रत्येकी 7 जागा आहेत. जवानाला तसा मतदारसंघ नाही, आणि असावा असंही मी म्हणत नाही. त्याने सगळ्यांसारखंच लोकांपुढे यावं. पण तो आला की त्याला परत खुर्चीवर नेऊन बसवू नका.

एक गोष्ट मात्र त्यांच्या विरोधात लिहिते. त्यांच्या पुतण्याने पहिला फलक छापून आणला त्यावर वर्दीतला, छातीवर पदकं लावलेला फोटो होता. माझ्या घरात मालकांचा तसाच फोटो आहे, रोज त्याला फूल वाहते. तो फलक बघून मला बरं वाटलं नाही. सैन्यदलातल्या माणसांची छायाचित्रं प्रचारात वापरू नयेत, असं निवडणूक आयोगाने 2013 ला आणि पुन्हा 2019 ला पक्षांना आणि उमेदवारांना बजावलं आहे. पण आयोग बाजूलाच ठेवा. वर्दी त्यांच्या एकट्याची नाही, तिच्यात माझे मालकही आहेत, आणि त्यांनी कुणाला मत द्यायला सांगितलेलं नाही. मी हे बोलले तेव्हा पुतण्या चिडला. सुभेदार स्वतः शिडी घेऊन गेले आणि फलक उतरवला. नवा आहे त्यात पांढरा सदरा आहे, बाकी काही नाही.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे की त्यांना सॅल्यूट करून घरी जाऊ नका, थांबून विचारा. आमच्या खटाव-माणच्या पट्ट्यात टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाण्याचं आवर्तन कधी मिळणार, ते विचारा. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी आमची पोरं 2022 पासून अग्निवीर म्हणून जातात, चार वर्षांनी त्यातली जास्तीत जास्त पाव कायम होणार, उरलेली बाविशी-पंचविशीत गावी येतील तेव्हा राज्याने त्यांच्यासाठी काय ठेवलं आहे, ते विचारा. निवडून आल्यावर कुणाच्या वळचणीला जाणार, हेही विचारा. अपक्ष आमदार पुढे एखाद्या पक्षात गेला तर पक्षांतरबंदीत त्याची आमदारकी जाते, पण बाहेरून कुणाला टेकू द्यायला त्याला कुणी अडवत नाही. मला या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर अजून पुरतं पटलेलं नाही. सही केली म्हणून मी ते लपवणार नाही.

17 नोव्हेंबरला, रविवारी संध्याकाळी, ते आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर बसणार आहेत. मंडप नाही, लाउडस्पीकर नाही. मी माझे प्रश्न शिवणकामाच्या वहीत मापांच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत, आणि वळचणीचा प्रश्न पहिला आहे. तुमच्या वार्ताहराला त्या दिवशी पाठवा. त्यांनी तिथे बसून उत्तरं ऐकावीत, आणि मग सुभेदारांविषयी जे लिहायचं ते लिहावं.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. खटाव, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)