बोंडल्याच्या मुक्कामातील मदतीबद्दल आभार

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील बोंडला अभयारण्यात आमच्या कुटुंबाने नुकताच पावसाळी मुक्काम केला. त्या वेळी ज्यांनी आमची काळजी वाहिली, त्यांचे हे जाहीर आभार. नावे देऊ नयेत, असे त्यांनीच सांगितल्यामुळे ती येथे दिलेली नाहीत.

जेमतेम ८ चौरस किलोमीटरच्या या रानात संध्याकाळी पाऊस कोसळू लागला आणि वीज गेली. तेव्हा कुटिरापासून जेवणघरापर्यंत आम्हाला सोबत करणाऱ्या वनरक्षकाने विजेरीचा झोत पायऱ्यांलगतच्या झुडपावर स्थिर धरून मलबारी चापडा हा विषारी साप दाखवला. डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खळगीने तो भक्ष्याच्या अंगाची ऊब टिपतो, दिवसा निपचित पडून राहतो आणि रात्री शिकार करतो, हे त्यांनी हलक्या आवाजात मुलांना समजावले. फोटोसाठी फांदी हलवू पाहणाऱ्या एका पाहुण्याला मात्र त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे थांबवले. जंगलात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला असा माणूस भेटायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माझ्या वयोवृद्ध सासूबाईंना तिखट चालत नाही, हे कळताच स्वयंपाकघरातील ताईंनी न सांगता उकड्या तांदळाची पेज करून, सोबत खाराचे आंबे देऊन, ती खोलीत आणून दिली. सकाळी वाटेवर आडवे पडलेले झाड कोयत्याने तोडून आमच्या गाडीला रस्ता करून देणाऱ्या गावकऱ्यांनी तर चहाचे पैसेही घेतले नाहीत. या सर्वांचे आम्ही अत्यंत ऋणी आहोत.