खानापूरकडच्या दूध डेअरीतून, दादांना

दादा, नमस्कार.

गणपतीला पुण्याहून गावी आलात आणि आरती सोडून आमच्या डेअरीत तीन तास बसलात. त्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

लिटर आणि फॅटवरून दर दहा दिवसांनी बिलं काढणारी, मराठी-कन्नड दोन्हीत पावती छापणारी आमची पर्ल भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) हातानं चालवली की नीट चालायची. पहाटे चारला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून, सुरू झाली की मात्र मॉड्यूल (तिला लागणारी कोडची वेगळी फाइल) सापडत नाही म्हणून बंद पडायची. सकाळी कॅन घेऊन आलेल्या मावशींना ‘बिल अजून झालं नाही’ सांगावं लागायचं. त्या काही न बोलता माघारी जायच्या, तेच जास्त लागायचं.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "लायब्ररी कुठं हाय ते स्क्रिप्टला कुणी सांगितलंय ओ?" मी टर्मिनलची सेटिंग ठेवणारी बॅशआरसी फाइल उघडून दाखवली; मॉड्यूल कुठं शोधायचं ते पर्लला सांगणारं पर्लफाइव्हलिब हे व्हेरिएबल त्यात लिहिलेलं होतं. ती फाइल माझ्या टर्मिनलपुरती. क्रॉन ती वाचत नाही, आणि काम होम फोल्डरमधून सुरू करतो. जुन्या कॉम्प्युटरवर यातलं काहीच कसं लागलं नाही, तेही तुम्हीच उलगडलंत. तेव्हा पर्ल आपण उभे असू त्या फोल्डरातही मॉड्यूल शोधायचं. सुरक्षेसाठी ते 2017 मधल्या पर्लच्या 5.26 आवृत्तीपासून बंद झालं.

मग पर्लचं फाइंडबिन मॉड्यूल. स्क्रिप्टनं स्वतःची जागा ओळखायची आणि तिथून शेजारचं लिब फोल्डर गाठायचं. मी ‘बिन’ लिहिलं होतं, ते तुम्ही ‘रियलबिन’ केलंत, कारण क्रॉन चालवत होता ती होममधली सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नुसती लिंक; ‘बिन’ त्या लिंकचीच जागा सांगतं, खऱ्या फाइलची नाही. माझा आधीचा प्रयत्न का फसला तेही समजलं: लायब्ररीचं फोल्डर सांगणारं ‘यूज लिब’ स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालायच्या आधी, कंपाइल होतानाच चालतं, वरच्या ओळीत भरलेलं व्हेरिएबल तेव्हा रिकामंच असतं.

शेवटी सगळी एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (पर्लफाइव्हलिबसारखी बाहेरून मिळणारी सेटिंग) काढून, सगळ्यात वरच्या रूट फोल्डरात जाऊन तुम्ही स्क्रिप्ट चालवलीत. "इथनं चालली न्हवं, आता कुठनंबी चालतंय."

गेल्या महिन्यात सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं. सिमलिंक तेवढी नव्यानं केली, स्क्रिप्टच्या एकाही ओळीला हात लावला नाही. दिवाळीचं बिल पहाटेच तयार होतं. मावशींनी तुमच्यासाठी लोणी काढून ठेवलंय, येताना डबा घेऊन या.

तुमचा,
डेअरीतला धाकटा भाऊ